हात धुवून या

जिनिंगच्या काट्यावर बत्तीस वर्षं काढली मी.
ओला कापूस डोळ्यांना कळत नाही,
मूठ आत घालावी लागते.
गाठीत चुकून गेलाच ओला फाया
तर गाठ बाहेरून पांढरी राहते
आणि आतून तापत जाते.
पट्ट्या कापल्यावर कळतं, तेव्हा
फेकण्याशिवाय काही उरत नाही.

म्हणून वर्ध्याच्या डॉक्टर बोरकुटेबाई म्हणाल्या,
"काका, हाडाले रक्त पोचते, धातूले नाई पोचत.
जंतू एकदा धातूवर बसला
की औषध दारातच उभं राह्यते,"
तेव्हा बाकीचे माना हलवत होते,
मला गाठ दिसली.

ऑपरेशन दोन महिने लांबलं, एका दाढेपायी.
दुर्पता चिडली. "माहा गुडघा दुखते
अन् हे तोंडात काय पाह्यतेत?"
किडकी दाढ काढली. साखर तीनशेवरून खाली आणली.
संक्रांतीचा तीळगूळ माझ्या वाट्याला,
तिनं नुसता वास घेतला.

घरी आणली त्या दिवशी
चंप्या कुत्रा चुलतभावाकडे बांधला,
कडुलिंबाच्या फांदीला जाळीत साबण टांगला,
खाली बादली,
आणि नातवाकडून पत्र्यावर खडूनं लिहून घेतलं:
हात धुवून या.

गाव आलं. गाव रिकाम्या हाती येत नाही.
केळी आली, अंगारा आला,
गुंफाबाई वाटीत बिब्याचं तेल घेऊन आली, वर हळद.
"टाक्याइवर एक बोट लाव, पाह्य कशी सुकते."
मी वाटीवर हात ठेवला.
"चाळीस वर्षं गावातले लेकरं या हातावर झेलले म्या.
घाण झाले काय आता?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
तरी वाटी परत गेली.
दुर्पता भिंतीकडे तोंड करून पडली,
दोन दिवस फक्त हूं.

रात्री हाताची पालथी बाजू
आधी डाव्या गुडघ्याजवळ, मग उजव्या.
थोडी ऊब काही महिने राहतेच, बाईंनी सांगितलं होतं;
कालच्याहून वाढली का, ते पाहायचं,
लाली पसरली का,
पट्टीतून पाणी आलं का.
बियाण्याच्या कॅलेंडरवर तापाचे आकडे:
अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णवला थोडा कमी.
एका रात्री एकशे एक.
पहाटे चारला गाडी केली.
"काईच नसलं तं?" ती म्हणाली, "लोकं हासतीन."
काहीच नव्हतं. सर्दी होती.
लोक हसले.

टाके निघाले. एक रेघ राहिली,
आधी गुलाबी, मग तिच्याच रंगाची.
पोळ्याला ती चालत तोरणापर्यंत गेली
आणि कुणाचा आधार न घेता परत आली.
पत्र्यावरचा खडू पावसानं नेला.
मी पुन्हा लिहिलं नाही.

परवा तुरीच्या धुऱ्यावर
तिच्या टाचेत बाभळीचा काटा भरला.
आधी असती तर
सुईनं उकरून, थुंकी लावून चालू लागली असती.
ती तिथंच बसली, मला हाक मारली.
"फोन लावा बाईले.
म्हणा, गुडघ्यात नाई, टाचेत हाये.
तरी लावा."

शेजारच्या वावरात गुंफाबाई होती.
आठ महिने बोललेली नव्हती.
ती विळा ठेवून उठली,
डब्याखालच्या फडक्यातून
कपडे धुवायच्या साबणाची चिपटी काढली,
कॅनच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले,
पदराला पुसले नाहीत.
ओले हात पुढे धरून, थेंब सांडत,
ढेकळांतून चालत आली.

"दाखव वो टाच," म्हणाली.
माझ्याकडे पाहिलं नाही.